नागपूरच्या हवेत धावण्यासाठी बूट आणि कपडे कसे निवडावेत

धावायला सुरुवात करायचे ठरले की आपण बहुधा आधी नवा टी-शर्ट आणि ट्रॅक पँट घेतो आणि बूट मात्र घरात पडलेलेच पायात घालतो. हा क्रम उलटा असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. जुन्या टी-शर्टवर महिनाभर धावले तरी फारसे काही बिघडत नाही. चुकीच्या बुटांवर दोन आठवडे धावले, तर नडगी, टाच किंवा गुडघा यांपैकी काहीतरी दुखू लागते आणि धावणे तिथेच थांबते. म्हणून पैसे मोजकेच असतील तर ते आधी बुटांवर खर्च करावेत, मग मोज्यांवर आणि उरले तर कपड्यांवर.

निवड करताना एक गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते. दुकानात आपण कोरडे, गार आणि ताजेतवाने असतो. बहुतेक दुकानांत वातानुकूलनही असते. प्रत्यक्ष धावताना चाळिसाव्या मिनिटाला पाय फुगलेला असतो, मोजा ओला झालेला असतो आणि टी-शर्ट पाठीला चिकटलेला असतो. खरेदी त्या चाळिसाव्या मिनिटासाठी करायची असते. हे मला उशिरा कळले. काही वर्षांपूर्वी डिसेंबरातल्या एका सकाळी बर्डीवरच्या एका दुकानात आठ नंबरचा जोड पायात अगदी चपखल बसला, म्हणून मी घेतला. अंगठा पुढे किंचित टेकतो, असे सांगितल्यावर विक्रेत्याने ‘घाला थोडे दिवस, होईल सैल’ असे उत्तर दिले आणि ते मला पटलेही. थंडी होती तोवर निभावले; पण मार्चमध्ये सेमिनरी हिल्सकडून फुटाळ्याच्या दिशेने उतरताना दोन्ही अंगठे प्रत्येक पावलाला पुढे आपटू लागले आणि पंधरा दिवसांत दोन्ही नखे काळी पडली. ती गळून नवी पूर्ण यायला वर्षाहून अधिक काळ गेला. चामड्याचा जोडा घालून घालून सैल होतो, हे खरे आहे. धावण्याचे बूट जाळीदार कापड आणि फोम यांचे असतात आणि ते लांबीला वाढत नाहीत. पहिल्या दिवशी चावणारा धावण्याचा बूट पुढेही चावतच राहतो, असे समजून तो दुकानातच सोडून यावा.

बूट घेताना

बूट घ्यायला संध्याकाळी जावे. दिवसभराच्या उभे राहण्या-चालण्याने पाय थोडे फुगलेले असतात आणि धावताना ते साधारण तेवढेच फुगतात. धावताना वापरायचे मोजे सोबत न्यावेत, कारण दुकानातला पातळ नायलॉनचा मोजा घालून घेतलेले माप घरच्या जाड मोज्यात लगेच अपुरे पडते.

जाण्यापूर्वी घरीच पाय मोजून घेतलेला बरा. कागद जमिनीवर ठेवून टाच भिंतीला टेकवावी, पूर्ण वजन देऊन उभे राहावे आणि सर्वांत लांब बोटासमोर दुसऱ्या कोणाकडून तरी खूण करून घ्यावी. आपण स्वतः वाकलो की वजन सरकते आणि माप चुकते. पुष्कळांचा दुसरा बोट अंगठ्यापेक्षा लांब असतो आणि दोन पायांतही थोडाफार फरक असतो. मोठ्या पायाचे माप धरायचे. भारतात बुटांचा नंबर सहसा ब्रिटिश मापाने सांगतात. त्यात एका पूर्ण नंबरचा फरक इंचाचा तिसरा भाग, म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटर असतो आणि अर्ध्या नंबरचा सव्वाचार मिलिमीटर. तरीही एका कंपनीचा आठ दुसऱ्या कंपनीच्या साडेसात किंवा साडेआठइतका निघू शकतो. ‘माझा नंबर आठ’ या भरवशावर ऑनलाइन मागवण्यापूर्वी खोक्यावरील सेंटिमीटरचा आकडा पाहावा आणि परत करण्याची सोय आहे की नाही, हेही तपासावे. रोजच्या चपलांपेक्षा धावण्याचा बूट अर्धा ते एक नंबर मोठा लागणे अगदी स्वाभाविक आहे.

दुकानात बूट पायात घालण्याआधी त्याच्या आत हात घालून बोटे फिरवावीत. टाचेच्या वरच्या कडेला उंचवटा, जिभेच्या टोकाशी जाड शिवण किंवा अंगठ्यापाशी वाळलेल्या गोंदाचा टणक थेंब हाताला लागला, तर तोच पुढे फोड आणणार. त्यानंतर आतली सुटी गादी बाहेर काढून जमिनीवर ठेवावी आणि तिच्यावर उभे राहावे. चवड्याचा भाग गादीच्या कडेबाहेर सांडत असेल, तर बूट रुंदीला कमी आहे. लांबी वाढवून रुंदीची ही उणीव भरून निघत नाही. त्याच मॉडेलमध्ये रुंद पायासाठीचा प्रकार आहे का, ते विचारावे, नाहीतर दुसरे मॉडेल पाहावे. लहानपणापासून बहुतेक वेळ चपलांत किंवा अनवाणी वावरलेल्या आपल्याकडच्या पुष्कळ लोकांचे चवडे पसरट असतात आणि त्यांच्या बाबतीत नडते ते बहुधा इथेच.

आता बूट घालून, लेस बांधून उभे राहावे. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी, म्हणजे सुमारे एक सेंटिमीटर मोकळी जागा हवी, बोटे आत हलवता आली पाहिजेत आणि चालताना टाच वर उचलली जाता कामा नये. बूट हातात घेऊन वाकवला असता तो जिथे पायाची बोटे वाकतात तिथेच दुमडावा. मधोमध घडी पडत असेल तर तो ठेवून द्यावा. नंतर विक्रेत्याची परवानगी घेऊन दुकानासमोर पन्नास-साठ पावले प्रत्यक्ष पळून पाहावे. गालिच्यावर चार पावले चालून काहीच कळत नाही. दुकानदार कधी कधी नाक मुरडतो, मुरडू द्यावे. दोन वेगळ्या मॉडेलचे बूट दोन पायांत घालून धावून पाहिले, तर फरक फार लवकर कळतो आणि ही युक्ती मला दुकानातल्या पाय तपासणाऱ्या कोणत्याही यंत्रापेक्षा जास्त उपयोगी पडली आहे.

यंत्राचा विषय निघालाच आहे, तर सपाट तळव्यांविषयी थोडे सांगावे लागेल. ओला पाय फरशीवर उमटवून कमान किती आहे ते पाहायचे आणि त्यावरून ‘स्थिर’ किंवा ‘मऊ’ असा बूट ठरवायचा, ही पद्धत वर्षानुवर्षे चालत आली आहे. अमेरिकी सैन्यदलांतील नव्या भरतीच्या सैनिकांवर या पद्धतीची पडताळणी झाली, तेव्हा तळव्याच्या आकारानुसार बूट दिल्याने दुखापती कमी झाल्याचे आढळले नाही. कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठाचे संशोधक बेन्नो निग आणि त्यांचे सहकारी यांनी २०१५ मध्ये असे मत मांडले की, धावणाऱ्याने स्वतःच्या पायाला जो बूट सर्वांत सुखद वाटतो तोच निवडावा, कारण शरीर आपल्याला सोयीची चाल त्या सुखदपणावरून ओळखत असते. ज्यांना आधीपासून दुखणे आहे किंवा मधुमेहामुळे तळव्यांची संवेदना कमी झालेली आहे, त्यांनी मात्र डॉक्टरांचा सल्ला घेऊनच बूट घ्यावा. मधुमेहात ‘सुखद वाटतो’ ही कसोटी फसवी ठरते, कारण चावणारा बूट पायाला कळतच नाही.

आराम वाटेल तेच घालावे, ही गोष्ट ऑलिम्पिकच्या इतिहासातही दिसते. १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये इथिओपियाच्या अबेबे बिकिला यांना मिळालेले बूट पायाला नीट बसेनात, तेव्हा ते सरावाप्रमाणे अनवाणीच मॅरेथॉन धावले आणि २ तास १५ मिनिटे १६ सेकंदांत सुवर्णपदक जिंकले. यावरून नागपुरात अनवाणी धावावे, असे कोणी समजू नये. उन्हाळ्यात इथला रस्ता सकाळी नऊलाच तळवे भाजतो.

आपण कुठे धावतो, यावर तळ कसा हवा ते ठरते. शहरातले बरेच मोठे रस्ते आता सिमेंटचे झाले आहेत आणि त्यांच्या कडेला गट्टू, म्हणजे सिमेंटचे ठोकळे, बसवलेले असतात. रोज अशा कडक रस्त्यावर धावणाऱ्याने टाच व चवडा या दोन्हींखाली पुरेसा फोम असलेला बूट घ्यावा. पण अंगठ्याने दाबल्यावर गादीसारखा खोल दबणारा फोम दुकानात जितका छान वाटतो तितका वळणावर वाटत नाही, कारण त्यात घोटा डगमगतो. पावसाळ्यात शेवाळलेल्या ओल्या गट्टूंवर गुळगुळीत तळाचा बूट घसरतो, त्यामुळे पुढच्या भागाला खरे रबर आहे ना, हे बूट उलटा करून पाहावे. स्वस्त बुटांत बहुधा नुसता फोमच जमिनीला टेकवलेला असतो आणि तो झिजतोही लवकर. गोरेवाड्याच्या बाजूला कच्च्या वाटेवर धावायचे असेल तर खोल खाचांचा तळ लागतो. मात्र पावसात काळी माती त्या खाचांत अशी काही बसते की प्रत्येक पाय किलोभर जड होतो, म्हणून त्या दिवसांत मी तो मार्गच टाळतो. सिव्हिल लाइन्समधील वॉकर्स स्ट्रीट किंवा अंबाझरीच्या बाजूचे रस्ते यांसाठी साधा रस्त्याचा बूट पुरतो.

बुटाच्या तळाची टाचेखालची आणि चवड्याखालची उंची यांतील फरक शून्यापासून बारा मिलिमीटरपर्यंत असतो. आजवर आठ-दहा मिलिमीटरच्या बुटांत धावणाऱ्याने एकदम सपाट बूट घेतला, तर पोटरी आणि टाचेमागची शीर यांच्यावर ताण येतो. जुन्या जोडातला फरक माहीत असेल तर नवाही त्याच्या जवळपासचा घ्यावा. कार्बनची पट्टी घातलेले महागडे बूट स्पर्धेच्या वेगासाठी असतात. आठवड्यातून तीन-चारदा पाच किलोमीटर धावणाऱ्याला त्यांची काहीही गरज नाही.

बूट बरोबर असूनही उतारावर पाय पुढे सरकत असेल, तर लेस बांधण्याची पद्धत बदलून पाहावी. धावण्याच्या बहुतेक बुटांना घोट्यापाशी एक जादा भोक असते आणि बहुतेक लोक ते कधीच वापरत नाहीत. लेसचे टोक त्याच बाजूच्या या शेवटच्या भोकात बाहेरून आत घालावे, पण पूर्ण ओढू नये, म्हणजे एक छोटा फासा तयार होतो. दोन्ही बाजूंना असे फासे करून समोरच्या बाजूची लेस त्यातून घालावी, खाली दाबून ओढावी आणि नेहमीसारखी गाठ मारावी. टाच जागच्या जागी धरली जाते आणि चवड्यावरचा भाग सैल ठेवता येतो.

मोजे

मोज्यांकडे कोणी लक्ष देत नाही आणि फोड मात्र बहुधा त्यांच्यामुळेच येतात. शाळेच्या गणवेशासारखे निव्वळ सुती मोजे घामाने भिजले की ओलेच राहतात, त्यांच्या सुरकुत्या पडतात आणि त्या सुरकुत्या कातडी घासतात. पॉलिएस्टर किंवा नायलॉनचे प्रमाण जास्त असलेला, बोटांपाशी सपाट शिवण असलेला आणि बुटाच्या कडेपेक्षा निदान दोन बोटे उंच असा मोजा घ्यावा. अगदी आखूड मोजा धावताना टाचेखाली गोळा होतो आणि मुरमाचे बारीक खडेही आत येतात. मोजा आधी उलटा करून पाहावा. आत लोंबणारे धागे दिसले तर तो घेऊ नये.

कपडे: कूलरचे गणित

धावताना सुती कपडे घालू नयेत, असे सगळीकडे लिहिलेले असते आणि त्यामागे कारणही आहे. प्रमाणित हवेत सुती धागा स्वतःच्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओलावा धरून ठेवतो, तर पॉलिएस्टर जेमतेम अर्धा टक्का. घाम पॉलिएस्टरच्या धाग्यात न मुरता त्याच्यावरून पसरतो आणि लवकर उडतो. आपण ज्याला ड्राय फिट म्हणतो ते हेच कापड.

परंतु नागपूरच्या बाबतीत या नियमात एक मेख आहे आणि ती घरातल्या कूलरवरून समजते. मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की ओल्या वाळ्यातून आलेली झुळूक खोली गार करते. ऑगस्टमध्ये तोच कूलर नुसती दमट हवा फेकतो. अंगावरच्या कपड्याचेही तसेच आहे. मेमध्ये सैलसर, पातळ सुती बंडी भिजली तर तिच्यातले पाणी भराभर उडते आणि अंग गार राहते, त्यामुळे वीस-पंचवीस मिनिटांच्या धावण्यासाठी ती वाईट नाही. अंतर वाढले की भिजलेला कपडा जड होऊन काखेत आणि छातीवर घासू लागतो; तेव्हा मात्र ड्राय फिटला पर्याय नाही. जुलै ते सप्टेंबर सुती कपड्यांचे नावही काढू नये. या दिवसांत कोणताच कपडा धड वाळत नाही. मग जो कमी पाणी धरतो आणि अंगापासून थोडा सुटा राहतो, तोच बरा.

टी-शर्ट घेताना लेबलवर विसंबू नये. घरी आणल्यावर कापडाच्या आतल्या बाजूला चमचाभर पाणी टाकावे. ते थेंबासारखे वर बसून राहिले तर कापड चमकदार असले तरी घाम ओढणार नाही. काही सेकंदांत तळहाताएवढा डाग पसरला, तर कापड कामाचे आहे. ही परीक्षा एक धुणे झाल्यावर करावी, कारण नव्या कापडावर कधी कधी थर असतो. त्यानंतर टी-शर्ट पूर्ण भिजवून, पिळून अंगात घालावा आणि हात डोक्यावर नेऊन दहा वेळा खाली-वर करावेत. जी शिवण कोरडी असताना जाणवतही नव्हती, ती ओली झाली की नेमकी कुठे काचते ते तेव्हा समजते. मानेमागचे टोचरे लेबल कात्रीने कापताना टोके शिल्लक राहतात आणि जास्तच टोचतात. शिवण उसवून ते पूर्ण काढावे.

शॉर्ट्सच्या बाबतीत मांड्या एकमेकींना घासतात की नाही, हाच मुख्य प्रश्न असतो. घासत असतील तर मांडीच्या मध्यापर्यंत येणारी घट्ट लायक्राची शॉर्ट घालून त्यावर सैल शॉर्ट चढवावी. आतून जाळी लावलेल्या शॉर्ट्समध्ये वेगळे अंतर्वस्त्र लागत नाही; सुती अंतर्वस्त्र घातले तर त्या जाळीचा उपयोगच जातो. लांब पल्ल्याला जांघेत, काखेत आणि पुरुषांनी स्तनाग्रांवरही व्हॅसलीन लावावे. खोबरेल तेल चालते, पण ते लवकर विरते.

स्त्रियांसाठी स्पोर्ट्स ब्रा ही बुटांइतकीच महत्त्वाची वस्तू आहे. १९७७ मध्ये अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात लिसा लिंडाल आणि त्यांच्या सहकारी महिलांनी पुरुषांचे दोन लंगोटवजा आधारपट्टे एकत्र शिवून तिचा पहिला नमुना तयार केला. त्याआधी धावणाऱ्या स्त्रियांसाठी असे काही जवळजवळ नव्हतेच. निवडताना लक्षात ठेवावे की आधार मुख्यतः छातीखालच्या पट्ट्याने मिळतो. पट्ट्याखाली दोन बोटे जेमतेम जावीत, हात वर केल्यावर तो वर सरकू नये आणि खांद्यावरचे पट्टे रुतू नयेत. ट्रायल रूममध्ये जागच्या जागी उड्या मारून पाहावे आणि दीर्घ श्वास घेऊन पाहावा. पट्टा ताणला जाऊन सैल झाला की ती धावण्यासाठी निरुपयोगी झाली. बुटांच्या बाबतीत, स्त्रियांचे साचे टाचेकडे निमुळते असतात. चवडा रुंद असेल तर पुरुषांच्या विभागातला बूटही निःसंकोच घालून पाहावा.

ऋतूप्रमाणे

२३ मे २०१३ रोजी नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता आणि २९ डिसेंबर २०१८ रोजी तो ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. एकच पोशाख वर्षभर पुरेल, अशी अपेक्षा या शहरात करता येत नाही.

नवतप्याच्या, म्हणजे मेअखेरीच्या सर्वांत तापणाऱ्या नऊ दिवसांत पहाटेही पारा अनेकदा २८-३० अंशांखाली येत नाही आणि सूर्य साडेपाचच्या सुमारास उगवतो, त्यामुळे साडेसहाच्या आत घरी परतायचे, असा बेत असावा. फिक्या रंगाचा, सैल, शक्यतो बिनबाह्यांचा किंवा आखूड बाह्यांचा कपडा आणि जाळीची पांढरी टोपी पुरेशी होते. टोपी निघण्यापूर्वी नळाखाली भिजवून घ्यावी. स्कूटरवर आपण डोके आणि तोंड दुपट्ट्याने बांधतो, तसे बांधून मात्र धावू नये, कारण श्वास कोंडतो. दुपट्टा हवाच असेल तर ओला करून मानेभोवती सैल ठेवावा. गडद टी-शर्टवर वाळल्यावर पांढरे नकाशे दिसू लागले, तर ते घामातले मीठ आहे आणि त्याच कडांनी कातडी सोलवटते. कपडा त्याच दिवशी निदान पाण्यातून तरी काढावा.

पावसात रेनकोट किंवा विंडचीटर घालून धावणे म्हणजे आतून भिजणे. त्याऐवजी पुढे छज्जा असलेली टोपी घालावी, म्हणजे डोळ्यांत पाणी जात नाही, आणि खुशाल भिजावे. या दिवसांत बुटांचे दोन जोड आलटून पालटून वापरणे परवडत असेल तर तसे करावे.

थंडीत बहुतेकांची चूक उलट दिशेने होते. स्वेटर आणि कानटोपी घालून निघालेला माणूस दहाव्या मिनिटाला स्वेटर कमरेला बांधून धावताना दिसतो. बाहेर प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा आठ-दहा अंश जास्त तापमान आहे असे समजून कपडे घालावेत. पहिली पाच मिनिटे थोडे कुडकुडायला झाले तर कपडे बरोबर आहेत. एक पूर्ण बाह्यांचा पातळ टी-शर्ट, त्याखाली बंडी आणि हातमोजे एवढ्यावर जानेवारी निघतो. डिसेंबरअखेरीस सूर्योदय पावणेसातच्या पुढे जातो. अंधारात धावणाऱ्याच्या पाठीवर, आणि शक्य असेल तर टाचांवरही, गाडीचा दिवा पडताच चमकणारी पट्टी असावी.

निगा आणि निवृत्ती

ड्राय फिटचे कपडे धुताना सुगंधी सॉफ्टनर वापरू नये. त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि मग पाणी पसरायचे थांबते. चमच्याची परीक्षा पुन्हा करून पाहिली की हे लगेच दिसते. बूट मशीनमध्ये टाकू नयेत. गादी आणि लेस काढून मऊ ब्रशने साबणाच्या पाण्यात घासावेत, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवावेत आणि बोळे भिजले की बदलावेत. गच्चीवरच्या मेच्या उन्हात किंवा उभ्या गाडीच्या डिकीत बूट ठेवले तर गोंद सुटतो. तळ थोडा उसवला असेल तर मोची तो चिकटवून देतो. बसलेला फोम मात्र कोणाकडूनच दुरुस्त होत नाही.

साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर फोमची उसळी जाते. आठवड्याला २० किलोमीटर धावणाऱ्याच्या बाबतीत हे सहा ते नऊ महिन्यांत येते. घेतल्याची तारीख जिभेच्या आतल्या बाजूला पेनाने लिहून ठेवली की हिशेब सोपा जातो. बूट टेबलावर ठेवून मागून, डोळ्यांच्या पातळीवरून पाहावा. तो एका बाजूला झुकलेला दिसला किंवा फोमच्या कडेला कायमच्या आडव्या सुरकुत्या पडल्या असल्या, तर वरचे कापड कितीही नवे दिसत असले तरी तो धावण्यातून बाद समजावा. माझा तसा एक जोड सध्या दाराशी पडलेला असतो आणि पावसाळ्यात गोकुळपेठेतून भाजी आणायला उपयोगी पडतो.